झेडटी कमी आहे, मान्य. पण मोजायचं कशासाठी?

नमस्कार,

तांब्याच्या ऑक्साइड सिरॅमिकच्या उष्माविद्युत गुणांवरच्या, म्हणजे उष्णतेतून थेट वीज मिळवण्याच्या गुणांवरच्या, माझ्या लेखाखाली तुम्ही चांगली खरमरीत प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल आभार. दोन ओळींत उत्तर देण्यासारखे तुमचे मुद्दे नाहीत, म्हणून स्वतंत्र लिहितो. ज्यांनी प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी गोषवारा असा (झेडटी म्हणजे पदार्थ उष्णतेची वीज किती चांगली करतो याचा आकडा): तुम्ही कोल्हापूरकडच्या एका फाउंड्रीत भट्टीवर काम करता. तुमचं म्हणणं, "या ऑक्साइडांचा झेडटी ०.१५ च्या पुढे सरकत नाही. तांब्याच्या तारेला जे जमत नाही ते तिच्या गंजाला काय जमणार? शिवाय एकाच पदार्थाचे दहा ठिकाणी दहा आकडे. आमच्या धुराड्यातली उष्णता वापरायची तर रेक्युपरेटर बसवतो, भाजलेल्या गोळ्या नाही. मग प्रयोगशाळांनी यात वेळ आणि पैसा का घालायचा?"

रेक्युपरेटरचा मुद्दा आधी निकालात काढू, कारण त्यात तुमच्याशी भांडण नाहीच. धुराड्यातल्या उष्णतेनं भट्टीत जाणारी हवा तापवता येत असेल तर तेच करावं. उष्णतेची उष्णताच ठेवून ती वापरण्याइतकं किफायतशीर दुसरं काही नाही. उष्माविद्युत पदार्थांची वेळ येते ती जिथे फिरणारं यंत्र बसवता येत नाही, देखभालीला माणूस पोहोचत नाही आणि थोडीशीच वीज हवी असते तिथे. व्हॉयेजर यानं किंवा मंगळावरची क्युरिऑसिटी गाडी याच मार्गानं वीज मिळवतात, पण त्यांच्यात तांब्याचं ऑक्साइड नाही. सिलिकॉन-जर्मेनियम आणि टेल्युराइडांच्या जातीचे पदार्थ आहेत. आपल्याकडे ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही लेड टेल्युराइडसारख्या पदार्थांच्या मॉड्यूलवर काम झालं आहे.

आता झेडटी. सीबेक गुणांक म्हणजे दोन टोकांच्या तापमानात एका केल्विनच्या फरकामागे मिळणारा व्होल्टेज. त्याचा वर्ग, गुणिले विद्युतवाहकता, गुणिले तापमान, भागिले उष्णतावाहकता, असा हा आकडा. निकेल मिसळलेल्या कॉपर-आयर्न ऑक्साइडसाठी ११०० केल्विनला ०.१४ नोंदवला गेला आहे. मॅग्नेशियम घातलेल्या कॉपर-रोडियम ऑक्साइडचा १००० केल्विनला साधारण तितकाच, आणि रोडियमची किंमत पाहता तो भट्टीवर लावायचा विचारही कुणी करू नये. ०.१४ म्हणजे किती? गरम टोक ११०० केल्विन, थंड टोक ३००, आणि मधल्या सगळ्या पट्ट्यात झेडटी तेवढाच राहतो असं उदारपणे धरलं, तर कार्यक्षमता साडेतीन टक्क्यांच्या जरा वर येते. झेडटी १ असता तर हाच हिशेब १८ टक्क्यांच्या आसपास गेला असता. प्रत्यक्षात कमी तापमानाला ऑक्साइडांचा झेडटी आणखी घसरतो आणि जोडांमध्येही काही उष्णता आणि वीज जाते, म्हणजे ते साडेतीन टक्केही हाती लागत नाहीत. माझ्या लेखात मी कुठेही कारखान्याला वीज पुरवण्याची भाषा केलेली नाही, आणि आजही करणार नाही.

पण "गंजाला काय जमणार" या वाक्यापाशी मला थांबावंसं वाटतं, कारण उत्तर नेमकं उलट आहे. धातुरूप तांब्याचा सीबेक गुणांक खोलीच्या तापमानाला अंश केल्विनमागे दोन मायक्रोव्होल्टही भरत नाही. त्याच तांब्याच्या ऑक्साइडात तो शेकड्यांत जातो. धातूत भारवाहक, म्हणजे वीज वाहून नेणारे कण, खच्चून भरलेले असतात, तापमान बदललं तरी बहुतेकांना हलायला मोकळीक नसते. ऑक्साइडात होल (इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा, ज्या धनभाराच्या वाहकासारख्या वागतात) मोजके आणि त्यांना बसायला जागा पुष्कळ. रिकाम्या एसटीत चढलेल्या चार प्रवाशांना कुठे बसायचं याचे जितके पर्याय असतात तितके भरलेल्या गाडीतल्या पन्नासांना नसतात. सीबेक गुणांक म्हणजे दर वाहकामागे असलेली ही मोकळीक, म्हणजे एन्ट्रॉपी, त्याच्या विद्युतभारानं भागलेली. म्हणून वाहक कमी तर गुणांक मोठा.

मोठा गुणांक म्हणजे चांगला पदार्थ, असा मात्र अर्थ काढू नका. वाहक वाढवत गेलो की वाहकता वाढते आणि गुणांक पडतो. साध्या अर्धवाहकाच्या गणितात या दोघांचा सर्वांत फायदेशीर सौदा १७२ मायक्रोव्होल्टच्या आसपास होतो. म्हणजे ५०० मायक्रोव्होल्टचा नमुना हाती आला, तर त्याची वाहकता मिश्रणानं ४५ पट वाढवून गुणांक १७२ वर आणला तर शक्तिगुणांक, म्हणजे गुणांकाचा वर्ग गुणिले वाहकता, पाचपट सुधारतो. तांब्याच्या ऑक्साइडांत हे करायला गेलं की अडचण येते ती होलच्या चालीची. बिस्मथ टेल्युराइडमध्ये ही चाल, म्हणजे गतिशीलता, शेकड्यांत असते, आणि इथे बऱ्याच ऑक्साइडांत होल एका अणूवरून दुसऱ्यावर उड्या मारत सरकतो. होल कितीही घाला, ते चालतच नाहीत तर वाहकता कुठून येणार? झेडटी अडकून बसण्याचं मूळ बव्हंशी इथे आहे.

तुमचा तिसरा आक्षेप, एकाच पदार्थाचे दहा आकडे, मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि मूळ लेख मी खरं तर त्यासाठीच लिहिला होता.

तांबं ऑक्साइडात एका ठरावीक अवस्थेत बसून राहत नाही. ते +१, +२ (म्हणजे एक किंवा दोन इलेक्ट्रॉन गमावलेलं) आणि काही संयुगांत त्याच्याही वर जातं, आणि ही अवस्था तापमान आणि भोवतालचा ऑक्सिजन मिळून ठरवतात. साधं काळं कॉपर ऑक्साइड घ्या. हवेत तापवत गेलात की १०३० अंश सेल्सियसच्या आसपास ते ऑक्सिजन सोडून लाल क्युप्रस ऑक्साइड होतं. वजनकाट्यावर पाहिलं तर ही घट थेट दहा टक्क्यांची असते. थंड करताना तोच ऑक्सिजन परत आत शिरतो, आकारमान बदलतं, गोळीला तडे जातात. ११०० अंशाला कुणी काढलेला आकडा आणि ९०० अंशाला कुणी काढलेला आकडा, दोन्हींवर एकाच पावडरचं लेबल असेल, पण मोजलेले पदार्थ दोन आहेत.

कॉपर-आयर्न ऑक्साइड, म्हणजे १८७३ मध्ये फ्रीडेलनं नाव दिलेलं डेलाफोसाइट खनिज, आणखी चमत्कारिक वागतं. त्यात तांबं +१ अवस्थेत असतं. हवेत मधल्या तापमानाला ते हळूहळू ऑक्सिजन घेऊन कॉपर ऑक्साइड आणि कॉपर फेराइट अशा दोन पदार्थांत फुटतं. म्हणून ते नायट्रोजनमध्ये किंवा ऑक्सिजन अगदी कमी असलेल्या वातावरणात बनवतात. कॉपर-ॲल्युमिनियम ऑक्साइडचं तसंच: हवेत साधारण १००० अंशाच्या वर ते स्थिर आहे, खाली आलं की काळं कॉपर ऑक्साइड आणि कॉपर ॲल्युमिनेट स्पिनेल होणं त्याला सोयीचं पडतं. ही फूट इतकी संथ असते की पटकन थंड केलेला नमुना वर्षानुवर्षं टिकतो. पण तोच नमुना ८०० अंशाला तासन्‌तास धरून मोजला तर सकाळचा आणि संध्याकाळचा आकडा सारखा येईलच याची खात्री देता येत नाही. कॉपर-क्रोमियम ऑक्साइड हवेत बरंच निवांत राहतं; याच कारणासाठी मला ते झेडटीच्या यादीत खाली असूनही जास्त भरवशाचं वाटतं.

मग विश्वास ठेवायचा कसा? इथे सीबेक गुणांकच कामी येतो. फिलिप्स कंपनीचे संशोधक योंकर यांनी १९६८ साली एक आलेख मांडला: एका अक्षावर वाहकतेचा लॉगॅरिदम, दुसऱ्यावर सीबेक गुणांक. वाहक वाढल्यामुळे वाहकता वाढत असेल, तर वाहकता दहापट होताना गुणांक १९८ मायक्रोव्होल्टनं घसरला पाहिजे. हा आकडा पदार्थावर अवलंबून नाही, बोल्ट्झमन स्थिरांक आणि इलेक्ट्रॉनचा भार यांतून येतो.

आता समजा एकाच ऑक्साइडच्या दोन प्रयोगशाळांतल्या गोळ्यांची वाहकता दहापटीनं वेगळी आहे. दोघींच्या गुणांकातही जवळपास २०० मायक्रोव्होल्टचा फरक असेल, तर गोळ्यांतल्या होलची संख्याच वेगळी आहे, म्हणजे ऑक्सिजन कमीजास्त झाला किंवा मिश्रणाचं प्रमाण चुकलं. गुणांक सारखाच असेल, तर होल तितकेच आहेत आणि वाहकता कुठेतरी अडली आहे: गोळी सच्छिद्र आहे, कणांच्या सीमेवर काही साचलं आहे, बारीक तडा आहे किंवा चांदीची पेस्ट नीट बसलेली नाही. गुणांकाला तडे आणि छिद्रं फारशी दिसत नाहीत, कारण त्याच्या मोजणीत प्रवाह वाहतच नसतो. एका मोजमापातून पदार्थ बिघडला की नमुना बिघडला हे कळावं, ही सोय फार थोड्या तंत्रांत आहे. हॉल परिणामानंही (चुंबकीय क्षेत्रात वाहक बाजूला वळल्यानं निर्माण होणाऱ्या व्होल्टेजवरून) होल मोजता येतात, पण इतक्या मंद चालीच्या वाहकांत, आणि तेही लालबुंद भट्टीच्या आत, तो संकेत पकडणं महाकठीण.

अतिवाहकांचं, म्हणजे थंड केल्यावर विद्युतरोध शून्य होणाऱ्या पदार्थांचं, काम करणारे तर सीबेक गुणांकावर बरेच विसंबतात. इट्रियम-बेरियम-कॉपर ऑक्साइड, १९८७ साली ९० केल्विनच्या वर अतिवाहक ठरलेला पदार्थ, हवेत ९०० अंशापर्यंत तापवला की वजनाच्या दीड टक्क्याच्या आसपास ऑक्सिजन गमावतो. बाहेर पडणारा प्रत्येक ऑक्सिजन अणू दोन होल बुजवून जातो. ऑक्सिजनमध्ये सावकाश थंड केला तर तो परत भरून निघतो. तसाच झटकन काढला तर काळी गोळी दिसायला तीच, पण अतिवाहकता गायब. ओळखायचं कसं? १९९२ साली ओबर्टेली, कूपर आणि टॅलन यांनी दाखवलं की या कुळातल्या वेगवेगळ्या क्युप्रेटांत (तांबं-ऑक्सिजनच्या अतिवाहकांत) खोलीच्या तापमानाचा सीबेक गुणांक दर तांब्यामागे किती होल आहेत यावर एकाच वक्रानं बांधलेला आहे. अतिवाहकतेला सर्वांत पोषक प्रमाणाजवळ तो शून्याच्या आसपास येतो, होल कमी होत गेले की दहांत, मग शेकड्यांत चढतो. त्यामुळे नमुना द्रव नायट्रोजनमध्ये बुडवण्याआधीच त्याच्यात होल किती आहेत याचा अंदाज घेता येतो. या कामाला झेडटीशी काहीही देणंघेणं नाही, आणि तरी ते उष्माविद्युत मोजमापच आहे.

आकडे वेगळे येण्यात मोजणाऱ्याचा हातही असतो, हे तुमचं म्हणणं खरं आहे. थर्मोकपलची (तापमान मोजणाऱ्या तारांच्या जोडीची) प्लॅटिनम तार स्वतःच टोकाकडून उष्णता ओढून नेते, तारांच्या जोडाचा मणी खऱ्यापेक्षा थंड वाचतो, तापमानातला फरक कमी दिसतो आणि गुणांक फुगतो. एकाच फरकावर मोजून भागाकार केला तर यंत्रातला स्थिर व्होल्टेजही उत्तरात शिरतो. म्हणून फरक दोन-तीन अंशांपासून दहापर्यंत बदलत न्यायचा आणि रेषेचा उतार घ्यायचा. प्लॅटिनमचा स्वतःचा वाटा वेगळा काढायचा. ज्या शोधनिबंधात वातावरण कोणतं, प्रत्येक तापमानाला किती वेळ थांबले, आणि तापवताना व थंड करताना दोन्ही वेळचे बिंदू एकमेकांवर पडले का, हे लिहिलेलं नसेल, त्याचा झेडटी मी मनावर घेत नाही. तुम्हीही घेऊ नका.

खर्चाचं म्हणाल तर यासाठी ट्यूब फर्नेस, प्लॅटिनमच्या तारा आणि चांगला व्होल्टमीटर लागतो. एखाद्या कॉलेजच्या विभागाला झेपेल असं हे काम आहे. त्यातून तयार झालेला विद्यार्थी उद्या तुमच्या भट्टीच्या अस्तरात किंवा ऑक्सिजन सेन्सरमध्ये काय बिघडलं हे सांगू शकेल, आणि त्याची किंमत मला साडेतीन टक्के विजेपेक्षा जास्त वाटते.

आणि तुम्हाला हे हातानं करून पाहायचं असेल तर तुमच्या टेस्टिंग लॅबमधली मफल फर्नेस पुरेशी आहे. काळ्या कॉपर ऑक्साइडची पावडर दाबून बोटाएवढी कांडी करा, ९०० अंशाला रात्रभर भाजा, फर्नेसमध्येच थंड होऊ द्या. मल्टिमीटर मिलिव्होल्टवर ठेवा. लाल प्रोब सोल्डरिंग आयर्नच्या टोकाला तारेनं बांधा, काळा कांडीच्या थंड टोकाला टेकवा. आयर्न तापलं की आधी प्लग काढा, मग टोक कांडीला लावा. काही दहा मिलिव्होल्ट तरी दिसायला हवेत, आणि आकड्यापुढे उणे चिन्ह यायला हवं: होल गरम टोक सोडून थंड टोकाकडे जमतात, म्हणून गरम बाजू ऋण होते. १९९७ साली टोकियोच्या गटानं पारदर्शक कॉपर-ॲल्युमिनियम ऑक्साइडमध्ये होल वाहतात हे सिद्ध करताना सीबेकच्या चिन्हाचाच आधार घेतला होता. तुमच्या कांडीला उणेच्या जागी अधिक आलं, तर प्रोब कुठला कुठे लावला होता आणि कांडी कशी भाजली ते इथे खाली लिहा, त्यावरून पुढचं बोलू.