अन्वस्ताची आणि वर्गसमीकरणाची गाठ पडू देऊ नका

गणिताच्या शिक्षकांनो, वर्गसमीकरणाचा आणि अन्वस्ताचा (पॅराबोला), म्हणजे त्याच्या वाटीसारख्या आलेखाचा, काही संबंध आहे असा संशय मुलांना एकदा आला, की ती प्रश्न विचारू लागतात. पोर्शन मागे पडतो. म्हणून आधीच खबरदारी घ्या.

दोन्ही एका आठवड्यात तर शिकवूच नका. आधी सूत्र: 'मायनस बी प्लस ऑर मायनस अंडररूट...' अथर्वशीर्षासारखं सुरात म्हणवून घ्या. आलेख दिवाळीनंतर बघू.

क्ष² − ६क्ष + ५ घ्या. अवयव पाडले, (क्ष − १)(क्ष − ५), की आलेख क्ष-अक्षाला कुठे छेदतो ते उघडं पडतं. पूर्ण वर्ग करून (क्ष − ३)² − ४ लिहिलं, की त्याचा तळ (३, −४) सापडतो. हे तुम्हाला ठाऊक असू द्या, फळ्यावर नको. 'क्ष = १ किंवा क्ष = ५' खाली दोन रेघा मारा आणि फळा पुसा. पूर्ण वर्गाची रीत 'सूत्र असताना कशाला?' म्हणून उडवता येते.

आलेख काढायची वेळ आलीच, तर क्षच्या तीनच किमती घ्या: ०, १, २. य येतो ५, ०, −३. बिंदू जवळपास सरळ रेषेतच. पट्टी लावली की काम झालं. चुकूनही ४, ५, ६ पर्यंत जाऊ नका. तिथे −३, ०, ५ असे तेच आकडे उलटे परत येतात आणि मागच्या बाकावरून आवाज येतो, 'सर, मधे आरसा आहे!' त्यापेक्षा कोपऱ्यात '१ सेमी = १ एकक' लिहिलं नाही म्हणून अर्धा मार्क कापा.

आलेख काढणारं जिओजेब्रा ॲप फुकट मिळतं, त्यामुळे धोका मोठा. ५ च्या जागी ९ केले की अन्वस्त वर सरकून अक्षाला नुसता टेकतो. १० केले की अधांतरी. विवेचक, म्हणजे सूत्रातली अंडररूटखालची संख्या, १६ चा ० आणि मग −४ का झाला, हे पोरांना डोळ्यांनी दिसतं. मग तुमच्या 'पाठ करा' म्हणून आखलेल्या चौकटीचं काय? स्मार्टबोर्डवर पुस्तकाची पीडीएफ लावा आणि वाचून दाखवा.

एवढं करूनही एखादी विचारतेच, 'मॅडम, मुळं वास्तव नाहीत, मग आलेख गेला कुठे?' 'अकरावीत कळेल' म्हणा. अकरावीचे सर 'हे दहावीत झालंच असेल' म्हणून पुढचा धडा उघडतील, तेवढा भरवसा त्यांच्यावर ठेवायला हरकत नाही.