तुमचं कुत्रं ‘मट’ आहे का?

रंकाळ्यावर कुत्रं फिरवायला न्यायचं असेल तर आधी त्याची जात पाठ करून जा. पट्टा विसरला तरी चालेल.

परवा आमच्या चंप्याकडं बघून एका साहेबांनी विचारलं, “मट आहे का?” मला ऐकू आलं मटण. म्हटलं, “न्हाई, दूध-भाकरी खातोय.” साहेब हसले. त्यांचा हस्की, म्हणजे बर्फाळ मुलखातलं कुत्रं, भर मे महिन्यात हातभर जीभ काढून फरशीवर आडवा पडलेला. तो नाही हसला.

तर ‘मट’ म्हणत चला. अमेरिकेत बावळट माणसाला ‘मटनहेड’ म्हणायचे, मेंढराच्या डोक्याचा. त्याचं १९०० च्या सुमारास ‘मट’ झालं आणि पुढं बिनजातीच्या कुत्र्याला चिकटलं. मटणावरून शिवी, तीही कोल्हापुरात! नाद खुळा.

‘मोंग्रेल’ आणखी भारदस्त. मुळातल्या जुन्या इंग्रजी शब्दाचा अर्थ मिश्रण, म्हणजे आपली मिसळच की. खुशाल नावं ठेवा, फक्त जादा कट मागताना आवाज खाली ठेवा.

‘गावठी’ मात्र चुकूनही म्हणू नका. गावठी अंडं जास्त पैसे मोजून घ्यायचं, गावठी कोंबडीचा रस्सा ‘ब्रॉयलर न्हाई हां’ असं बजावून पाहुण्याला वाढायचा, आणि तोच शब्द कुत्र्यामागं लागला की नाक मुरडायचं! आणि गावठी म्हणजे भेसळ हे कुणी सांगितलं? ही कुत्री कुणी जोड्या लावून काढलेली नाहीत, इथल्याच उन्हापावसात पिढ्यान्‌पिढ्या घडलीत. भेसळ बघायची तर लॅब्राडूडल बघा. १९८९ साली ऑस्ट्रेलियात वॉली कॉनरॉन यांनी लॅब्राडोर आणि पूडल मुद्दाम जुळवले, पुढं त्यांनाच पस्तावा झाला. पण त्याला म्हणायचं ‘डिझायनर’ आणि मोजायचे मोप पैसे. आमच्या चंप्याची आई गटारीच्या कडंला व्याली, म्हणून तो मट!

वंशावळीचा कागद लॅमिनेट करून खिशात ठेवा.

आणि ‘पॅरिया डॉग’? पराई नावाचं वाद्य वाजवणाऱ्या तमिळ समाजाचं नाव गोऱ्या साहेबानं रस्त्यावरच्या कुत्र्याला दिलं, ते तुम्ही ऐटीत मिरवताय. ज्या संस्थानात १९०२ साली शाहू महाराजांनी मागासलेल्यांसाठी सरकारी नोकऱ्यांत निम्म्या जागा राखल्या, तिथं तळ्याकाठी उभं राहून मुक्या जनावराची जात विचारताय? लाज वाटू द्या जरा. तुमचा हस्की धापा टाकतोय, त्याला आधी सावलीत न्या, पाणी पाजा.