‘घरबसल्या मानसशास्त्रज्ञ’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. ‘द स्टॅनफर्ड प्रिझन एक्स्परिमेंट’ (2015) या सिनेमावरच्या माझ्या लेखाखाली आपण निनावी प्रतिक्रिया दिलीत. म्हणणं थोडक्यात असं: मूळ प्रयोग (स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या तळघरात विद्यार्थ्यांना कैदी आणि पहारेकरी बनवून मांडलेला लुटुपुटूचा तुरुंग) केव्हाच बोगस ठरलाय, पहारेकऱ्यांना आधीच पढवलं होतं, सिनेमा रटाळ आहे, आणि ‘घरबसल्या मानसशास्त्रज्ञ झालेल्यांनी सिनेमे बघून लोकांना अक्कल शिकवू नये’.

सिनेमा उत्तरार्धात रेंगाळतो, हे मान्य.

आता ते शेवटचं वाक्य. मतभेदाला माझी कधीच हरकत नसते, पण ही बोलायची कुठली रीत? मानसशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही आणि तसा दावाही मी कुठे केलेला नाही. माझे वडील तुरुंग खात्यात शिपाई होते. लहानपण कारागृहामागच्या क्वार्टर्समध्ये गेलं. ड्युटीवरून आले की ते आधी पट्टा काढून खुंटीला लावायचे, टोपी कपाटावर ठेवायचे. तोवर घरात कुणी त्यांच्याशी बोलायचं नाही. चुकून बोललंच तर उत्तर बराकीतल्या आवाजात यायचं. पट्टा उतरला की तोच माणूस आईशेजारी भाजी निवडत बसायचा. गणवेश माणसाचं काय करतो, हे मला सिनेमा बघून शिकावं लागलेलं नाही. आपण असं काही जवळून पाहिलं असेल तर जरूर लिहा. नसेल तर दुसऱ्याची अक्कल काढण्याआधी थोडा विचार करा.

राहिला ‘पढवलं होतं’ हा मुद्दा. वॉर्डन झालेला विद्यार्थी एका मवाळ पहारेकऱ्याला ‘कडक हो’ म्हणून समजावतो, ती ध्वनिफीत आहेच. थिबो ल तेक्सिए या फ्रेंच संशोधकाने 2019च्या शोधनिबंधात हे सगळं मांडलंय. मला ते ठाऊक नाही, हे आपण परस्पर कसं ठरवलंत? माझा लेख पहारेकऱ्यांवर नव्हताच, तो प्राध्यापक फिलिप झिंबार्डोंवर होता. ऑगस्ट 1971मध्ये रोजच्या 15 डॉलरवर आलेल्या पोरांचा तुरुंग मांडणारा हा माणूस स्वतःच तुरुंगाधिकारी होऊन बसला. कैदी पळवून नेणार अशी अफवा आली, तर प्रयोगाच्या नोंदी सोडून हे तळघरात वाट अडवून बसले. एका सहकाऱ्याने विचारलं, यातलं स्वतंत्र चल (म्हणजे ज्याचा परिणाम तपासायला प्रयोगात मुद्दाम बदल करतात, तो घटक) कोणतं? झिंबार्डो त्याच्यावरच चिडले. ही हकिकत त्यांनी स्वतःच सांगितलीय. त्यांची तेव्हाची मैत्रीण, मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना मास्लाक यांनी खडसावलं तेव्हा कुठे दोन आठवड्यांचा तो खेळ सहाव्या दिवशी थांबला. हुकूम वरून गेले असतील, तर हुकूम देणाऱ्याचं त्या खुर्चीत काय झालं होतं, हे बघायला नको? सिनेमात झिंबार्डो झालेल्या बिली क्रुडपच्या चेहऱ्यावर मला तेच दिसलं, आणि तेच मी लिहिलं होतं.

बाकीच्या शेऱ्यांना उत्तर देत बसत नाही. लेख पूर्ण वाचला असतात तर त्यातले निम्मे लिहावेच लागले नसते. पुढच्या वेळी नावानिशी लिहा. निनावी प्रतिक्रिया यापुढे इथे दिसणार नाहीत.