कायदा जुना असू दे, पण सापडू दे

१ जुलै २०२४ रोजी भारतीय दंड संहिता गेली आणि भारतीय न्याय संहिता आली. ३०२ चं १०३ झालं, ४२० चं ३१८. तेव्हापासून महाराष्ट्रात एक वाद चालू आहे: इंग्रजांचे कायदे टाकले हे चांगलं झालं, की नुसती नावं नि आकडे बदलले? त्याआधीच्या दहाएक वर्षांत केंद्राने दीड हजारांहून जास्त जुने कायदे रद्द केले, त्यावरही असंच बोललं गेलं. स्कॉटलंडमध्ये एडिंबऱ्यात राहून हा वाद वाचताना वाटतं, की मूळ अडचणीला कुणी हातच घालत नाही. कायदा किती जुना आहे यावरून सामान्य माणसाचं सहसा अडत नाही. आज तो नेमक्या कोणत्या शब्दांत लागू आहे हे कळलं नाही, की मात्र अडतं.

स्कॉटलंडचा कायदा इंग्लंडपेक्षा वेगळा आहे. १७०७ च्या एकीकरण कराराच्या अठराव्या आणि एकोणिसाव्या कलमांनी इथला खासगी कायदा आणि कोर्ट ऑफ सेशन हे न्यायालय राखून ठेवलं. म्हणून १७०७ पूर्वीच्या स्कॉटिश संसदेचे काही कायदे आजही जिवंत आहेत. त्यातला १४४९ चा लीजेस ॲक्ट कूळ कायदा माहीत असलेल्या मराठी वाचकाने आवर्जून पाहावा. जमीन कसणाऱ्या गरिबांच्या सुरक्षेसाठी तो केला, असं त्याच्या मजकुरातच म्हटलं आहे. मालकाने जमीन विकली तरी मुदत संपेपर्यंत कूळ तिथेच राहील, खरेदीदार कुणीही असो, एवढंच तो सांगतो. सगळा कायदा काही ओळींचा आहे.

पण त्या ओळींवर विसंबून भाडेपट्ट्याची बाजू मांडता येत नाही. एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा पट्टा लेखी हवा, भाडं खरोखरीचं हवं, मुदत कधी संपते ते ठरलेलं हवं, आणि भाडेकरूने ताबा घेतलेला हवा. या अटी निवाड्यांतून घडत गेल्या आणि ग्रंथांत नोंदल्या गेल्या. इथे ग्रंथांना वजन आहे. स्टेअरचा १६८१ चा ग्रंथ, अर्स्किनचा १७७३ चा, फौजदारीसाठी ह्यूमचा १७९७ चा (हा तत्त्वज्ञ ह्यूमचा पुतण्या), शिवाय बेल. या मोजक्या लेखकांना ‘इन्स्टिट्यूशनल रायटर’ म्हणतात आणि त्यांचं मत न्यायालय आजही आधार म्हणून घेतं. मुंबईच्या न्यायालयात हिंदू वारसाहक्कासाठी मिताक्षरा आणि व्यवहारमयूख या जुन्या ग्रंथांना जो मान होता, त्याच्या जवळ जाणारी ही गोष्ट आहे.

आता हे शोधायचं कसं. लीजेस ॲक्ट जुन्या पुस्तकांत प्रकरण १८ म्हणून सापडतो आणि ब्रिटनच्या सरकारी संकेतस्थळावर प्रकरण ६ म्हणून (इथे कायद्याच्या क्रमांकालाच प्रकरण म्हणतात). कायदा एकच आहे. पहिला आकडा ग्लेनडुक या संपादकाच्या सतराव्या शतकातल्या छोट्या आवृत्तीचा, दुसरा एकोणिसाव्या शतकातल्या अधिकृत संग्रहाचा. हे माहीत नसलं की माणूस भलताच कायदा उघडून बसतो. हा घोळ कमी करायला १९६४ च्या एका कायद्याने उरलेल्या जुन्या कायद्यांना छोटी नावं दिली. ‘लीजेस ॲक्ट १४४९’ हे नाव तिथलंच. आपल्याकडे २०१२ मध्ये ‘मुंबई’ने सुरू होणाऱ्या राज्याच्या कायद्यांची नावं ‘महाराष्ट्र’ने सुरू केली, पण त्यामागे शोधाच्या सोयीपेक्षा अस्मितेचा विचार जास्त होता. जुन्या निवाड्यांत ‘मुंबई पोलीस अधिनियम’ वाचणाऱ्याला तो आजचा महाराष्ट्र पोलीस अधिनियमच आहे हे कुठून तरी कळायला हवं.

निवाड्यांच्या दाखल्यांतही असाच सापळा आहे. १८२१ पासूनचे कोर्ट ऑफ सेशनचे निवाडे संपादकाच्या आद्याक्षराने ओळखतात: शॉ, डनलॉप, मॅकफर्सन, रेटी, फ्रेझर. १९०७ पासून ‘एससी’ (सेशन केसेस) आणि वर्ष. त्यामुळे नुसता ‘एम’ दिसला तर तो मॅकफर्सनचा, म्हणजे १८६२ ते १८७३ मधला. पण १८०८ पर्यंतचे निवाडे देणाऱ्या मॉरिसनच्या कोशालाही काही जुने लेखक हेच अक्षर लावतात. आधी साल पाहावं, मग कपाटाकडे जावं. १९९९ पासूनच्या नव्या स्कॉटिश संसदेच्या कायद्यांना ‘एएसपी’ आणि क्रमांक असतो, आणि दरवर्षी क्रमांक एकपासून सुरू होतात. म्हणून ‘एएसपी ५’ एवढंच लिहिलेला दाखला निरुपयोगी. २००० चा पाचवा कायदा सरंजामी जमीनधारणा मोडणारा, २०१२ चा पाचवा जमीन नोंदणीचा.

लेजिस्लेशन डॉट गव्ह डॉट यूके हे संकेतस्थळ फुकट आहे, पण ते वाचायची रीत आहे. आधी ‘मूळ’ आणि ‘सुधारित’ यांपैकी कोणता मजकूर उघडलाय ते पाहायचं. मग वरच्या चौकटीत कोणत्या तारखेपर्यंतचे बदल धरले आहेत आणि कोणते अजून घालायचे राहिले आहेत ते वाचायचं. मग भौगोलिक व्याप्ती दाखवणारा पर्याय चालू करायचा. कलमाशेजारी ‘एस’ किंवा ‘यूके’ नसेल तर ते स्कॉटलंडला लागू नाही. शेवटी कलमाखालच्या टिपा: शब्द कधी बदलले, कलम कधी अमलात आलं. संमत झालेला कायदा अमलात आलेला असतोच असं नाही, तारीख बहुतेकदा वेगळ्या आदेशाने ठरते. काही नियम तिथे अजून फक्त मूळ रूपात आहेत. आणि एक गोष्ट संकेतस्थळ सांगूच शकत नाही: १७०७ पूर्वीचा स्कॉटिश कायदा दीर्घकाळ वापरात नसला आणि उलटी वहिवाट रुळली, तर तो रद्द न करताही मेलेला ठरतो. वेस्टमिन्स्टरच्या कायद्याला हा नियम लागत नाही.

व्याप्तीची पायरी गाळल्याने इथे शिकायला येणाऱ्या मुलांचं नुकसान होतं. घराची अनामत इंग्लंडमध्ये साधारणपणे ५ आठवड्यांच्या भाड्यापुरती मर्यादित आहे. स्कॉटलंडमध्ये २ महिन्यांची चालते. मालकाने ती ३० कामकाजी दिवसांत मान्यताप्राप्त योजनेत भरायची असते. न भरल्यास न्यायाधिकरण अनामतीच्या तिपटीपर्यंत रक्कम द्यायला लावू शकतं, पण अर्ज भाडेकरार संपल्यापासून ३ महिन्यांत करावा लागतो. इंग्लंडबद्दलचं पान वाचून बसलेल्याची ही मुदत हातची जाते.

मात्र स्कॉटलंडची आरती ओवाळायचं कारण नाही. खुनाची व्याख्या इथे कोणत्याही कायद्यात नाही. जन्मठेप १९९५ च्या फौजदारी प्रक्रिया कायद्यात आहे. खून म्हणजे काय ते ह्यूमच्या ग्रंथातून आणि निवाड्यांतून काढावं लागतं, आणि २००१ च्या ड्ररी खटल्यात पाच न्यायाधीशांनी त्याचे शब्द नव्याने मांडले. चोरीचंही तसंच. काही प्राध्यापकांनी २००३ मध्ये फौजदारी संहितेचा मसुदा दिला, तो कायदा झाला नाही. संदर्भग्रंथ महाग आहेत. गेलिक या इथल्या जुन्या भाषेत कायदा मिळत नाही. आपल्या संहितेत एक आकडा सांगितला की गुन्ह्याची व्याख्या समोर येते. १८६० पासून हाताशी असलेली ही सोय फार मोठी आहे, आणि ‘वसाहतवादी’ म्हणून ती उडवून लावणाऱ्यांनी इथे येऊन एकदा खुनाची व्याख्या शोधून पाहावी.

आपण कमी पडतो ते तारखेत. न्याय संहितेच्या कलम ३५८ मुळे १ जुलै २०२४ पूर्वीच्या गुन्ह्यांना जुनी दंड संहिताच लागते. म्हणजे पुढची कित्येक वर्षं दोन्ही मजकूर लागणार, आणि जुना मजकूर गुन्ह्याच्या दिवशी जसा होता तसा. कूळ कायद्यात तर हे रोजचं आहे. कुळाने जमीन खरेदी केली असं मानणाऱ्या कलम ३२ साठी १ एप्रिल १९५७ ची स्थिती पाहावी लागते. जुन्या पुस्तकात कलम ४३ खाली अशी जमीन विकायला परवानगी हवी असं सापडतं. २०१४ च्या दुरुस्तीनंतर ३२ म च्या (कुळाच्या खरेदीच्या) प्रमाणपत्राला १० वर्षं झाली असतील, तर आकाराच्या म्हणजे शेतसाऱ्याच्या ४० पट नजराणा भरून परवानगीशिवाय विकता येतं. जुनं पुस्तक हाती असलेला शेतकरी गरज नसलेल्या परवानगीसाठी खेटे घालतो.

आपल्या कायद्यांची सरकारी पीडीएफ अमुक तारखेपर्यंत सुधारलेली असते. त्यापुढचं राजपत्रात धुंडाळायचं. तळटीपा असतात, पण निवडलेल्या तारखेचा सबंध मजकूर त्यांतून स्वतः जुळवावा लागतो. राज्याची विधेयकं मराठीत येतात. उच्च न्यायालयात काम इंग्रजीत चालतं आणि संविधानाच्या ३४८ व्या अनुच्छेदाप्रमाणे राजपत्रातला इंग्रजी अनुवाद इंग्रजीतला प्राधिकृत पाठ ठरतो. म्हणून दोन्ही पाठ एकाच पानावर, एकाच तारखेचे, शेजारी शेजारी हवेत. सुरुवात कूळ कायद्याच्या कलम ३२, ४३, ६३ पासून करावी: वर तारखेची खूण, खाली प्रत्येक दुरुस्तीचा क्रमांक आणि ती लागू झाल्याचा दिवस, आणि तलाठी कार्यालयातल्या संगणकावर तेच पान छापून घ्यायची सोय.