लाटेकमध्ये रंग भरायचा म्हणजे डोक्याला ताप

लाटेक, म्हणजे आज्ञा लिहून लेख-पुस्तकं छापायला तयार करायची संगणक-प्रणाली. त्यात एक शब्द हिरवा करायचा असतो हो, फक्त एक! रंगांसाठीचं एक्सकलर पॅकेज घातलं, फॉरेस्टग्रीन लिहिलं, की आलाच एरर: ‘अनडिफाइंड कलर’. कारण सोबत डीव्हीआयपीएस-नेम्स या रंगनावांच्या यादीचा ऑप्शन हवा. त्याशिवाय त्या यादीतले ६८ रंग मिळतच नाहीत. एसव्हीजी-नेम्स ही दुसरी यादी घेतली तर १५१ रंग, त्यातही फॉरेस्टग्रीन आहे, पण छटा वेगळी! एकाच नावाचे दोन हिरवे. सहलेखकाच्या फाइलमधला परिच्छेद आपल्यात आणला की त्याने आधीच चित्र म्हणून बनवलेला आलेख एका हिरव्यात, मजकूर दुसऱ्यात.

आणि ते आरजीबी, म्हणजे लाल, हिरवा, निळा यांचं प्रमाण आकड्यांत देऊन रंग सांगायची पद्धत! स्मॉल अक्षरांत लिहिलं तर आकडे ० ते १, कॅपिटलमध्ये लिहिलं तर ० ते २५५. नारिंगीसाठी १, ०.५, ० दिलं आणि वर कॅपिटल आरजीबी राहिलं, तर पीडीएफमध्ये जवळजवळ काळा रंग येतो. एरर नाही, साधी वॉर्निंगसुद्धा नाही! शीर्षक काळंच दिसतंय म्हटल्यावर माणूस सगळी फाइल धुंडाळत बसतो. सबमिशनच्या रात्री हे झालं की संताप अनावर होतो. अरे, रंग आकड्यांच्या पट्टीत बसत नसेल तर निदान ओरडा तरी! कंसाच्या एका चुकीवर पानभर बोंब मारता ना?