कंपवात झालाय म्हणून बाजेवर बसवू नका

लातूर-नांदेडकडच्या बऱ्याच ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. गोषवारा असा: कंपवात (पार्किन्सन) म्हणजे नसांची झीज, चालण्या-व्यायामाने ती आणि थरथर दोन्ही वाढतात, पेशंट पडून खुबा मोडतो, म्हणून त्याला बसवून ठेवा, शेतात राबलेल्याला व्यायाम लागतच नाही, गोळ्या बंद करून खाजकुइलीचं चूर्ण द्या, घरच्यांनी सगळं हातात आयतं द्या. मी फिजिओथेरपिस्ट आहे. हा मेसेज वाचून महिनोन्‌महिने बसवून ठेवलेले आजोबा शेवटी आमच्याकडेच येतात, म्हणून हे उत्तर.

आधी झीज. कंपवातात मेंदूतल्या डोपामिन (हालचालींचा निरोप पोचवणारं रसायन) तयार करणाऱ्या पेशी मरत जातात. त्या चालण्याने मरतात, याला काहीही पुरावा नाही. २०१८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १२८ पेशंट होते, सगळे सुरुवातीच्या टप्प्यातले, गोळ्या सुरू न झालेले. हृदयाची गती कमाल गतीच्या ८० ते ८५ टक्क्यांवर नेऊन जे सहा महिने ट्रेडमिलवर चालले, त्यांच्या हालचाली जवळजवळ होत्या तशाच राहिल्या. नेहमीसारखं राहणाऱ्यांच्या खालावल्या. यावरून व्यायामाने कंपवात बरा होतो असा नवा मेसेज कुणी काढू नये. आणि इतका जोराचा व्यायाम हृदय तपासून घेतल्याशिवाय नको.

थरथर मात्र खरंच वाढते, पण तेवढ्यापुरती. श्रमाने, रागाने, चारचौघांत अवघडल्यावर. मन शांत झालं की ती वाढ उतरते. त्यात मेंदूला इजा होत नाही.

पडण्याची भीती खोटी नाही, उपाय उलटा आहे. बसून मांड्यांची ताकद जाते, तोल जातो, आणि रात्री लघवीला उठलेला माणूस उंबरठ्यातच पडतो. २०१२ च्या एका अभ्यासात १९५ पेशंटांपैकी ज्यांनी ताई-ची हा संथ चिनी व्यायाम केला, ते नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांपेक्षा कमी पडले. काही जणांचे पाय दारात किंवा वळताना जमिनीला खिळल्यासारखे होतात. तेव्हा हात धरून ओढू नका. थांबू द्या, मग मोठ्याने ‘एक-दोन, एक-दोन’ म्हणा किंवा फरशीवर रंगीत पट्ट्या चिकटवून त्यांवर पाय टाकायला सांगा. आतला ताल बिघडला तरी बाहेरून मिळालेल्या तालावर पाय पुष्कळदा उचलला जातो. आपल्याकडे त्यासाठी यंत्र कशाला हवं? दिंडीत पावली खेळलेल्या अण्णांसमोर टाळ वाजवून बघा. सोबत कुणीतरी उभं राहा, एवढंच. बाजेवरून उठताना आधी पाय खाली सोडून मिनिटभर बसायचं, कारण या आजारात एकदम उभं राहिलं की बीपी उतरू शकतं. आणि मे महिन्यात आपल्याकडे चालायचं ते ऊन चढायच्या आत, पाणी पिऊन.

‘शेतात राबलेल्याला व्यायाम कशाला?’ सोयाबीन खुरपताना माणूस वाकलेला असतो, पावलं आखूड पडतात. कंपवातही शरीर वाकवतो, पावलं आखूड करतो. व्यायाम हवा तो याच्या विरुद्ध: पाठ ताठ, पाऊल लांब, हात मोकळे हलवत. (फवारणीचा पंप तर त्यांच्या पाठीवर देऊच नका. पॅराक्वाट या तणनाशकाचा कंपवाताशी संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे.)

खाजकुइलीत तथ्य आहे. तिच्या बियांत लेव्होडोपा असतं, म्हणजे गोळीत असतं तेच औषध. पण कुठल्या पुडीत किती, हे कोण सांगणार? गोळ्यांसोबत घेतलं तर डोस वाढतो, आणि गोळ्या एकाएकी सोडल्या तर अंग आखडून ताप चढू शकतो, जिवावर बेतू शकतं. चूर्ण चालू असेल तर डॉक्टरांपासून लपवू नका. व्यायामाची वेळ गोळीचा असर असताना ठेवा.

राहिलं आयतं देणं. सुना-लेकी प्रेमानेच करतात, पण बटणं लावणं, भाकरी मोडणं, स्वतः उठून तांब्या घेणं ही बोटांची आणि तोलाची रोजची कसरत आहे, तीच बंद होते. अण्णांना शर्ट घालायला वेळ लागतो, मान्य. एसटी चुकत असेल तर बटणं तुम्ही लावा. एरवी त्यांना थोडं लवकर उठवा.