पट्टी सरकते, आवाज गायब

लिनक्स या संगणकप्रणालीवर आवाजाचं बटण दाबलं की पडद्यावरची पट्टी ऐटीत १०० टक्क्यांवर जाते, आणि स्पीकर ढिम्म! का? तर वाढतोय एचडीएमआयचा (टीव्हीच्या जोडणीचा) आवाज, जिथे टीव्ही जोडलेलाच नाही. ते निस्तरून अल्सामिक्सर (आवाजाच्या पट्ट्यांचा प्रोग्राम) उघडावा, तर ‘मास्टर’ चालू, पण ‘स्पीकर’खाली ‘एमएम’, म्हणजे म्यूट. ‘एम’ दाबा, सुटा. सुटताय कसले! हेडफोन काढला तरी ऑटो-म्यूटला (हेडफोन खोचला की स्पीकर बंद करणारी सोय) तो खोचलेलाच वाटतो.

प्रोग्रामांचा आवाज सांभाळायला आधी पल्सऑडिओ, मग पाइपवायर (फेडोरा या लिनक्सने २०२१ मध्येच घेतलं). कारभारी बदलले, खाली साउंड कार्ड चालवणारा अल्सा तोच. आयथ्रीसारखा विंडो मॅनेजर (खिडक्या मांडणारा प्रोग्राम) घेतलात तर बटणांची बांधणी फाइलीत लिहूनच. साधं गाणं ऐकायचं होतं हो! आणि माइक बंदचा तो लाल दिवा? माइक चालू असतानाही पेटलेलाच.